मशीन बंद न करता

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हेमलकशाला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको, दोन मुलं आणि माझा एक जुना विद्यार्थी. हा मुलगा आमच्या उर्दू शाळेतून दहावी झाला. मराठीच्या तासाला त्यानं माझी भरपूर बोलणी खाल्ली आहेत. आता तो पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो आणि सुट्टीत गावी आला की न चुकता भेटायला येतो. या वेळी म्हणाला, "सर, मी पण येतो तुमच्यासोबत, जंगल बघून किती वर्षं झाली." बल्लारपूरहून आष्टी, आलापल्ली, ताडगाव असा रस्ता. आलापल्लीपासून पुढे सागवान सुरू होतं आणि बोलणं आपोआप कमी होतं.

सकाळी लोकबिरादरी प्रकल्प पाहिला. दवाखाना, आश्रमशाळा, प्राण्यांचं अनाथालय. दुपारी भामरागडला संगमावर जाऊन बसलो. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम अशा तीन नद्या इथे भेटतात, पलीकडे छत्तीसगड. मुलं दगड फेकत होती आणि याचा फोन वाजला. एका शिष्यवृत्तीच्या अर्जाची ती शेवटची तारीख होती. अर्ज ज्या यंत्रावर भरले जात होते ते त्याच्या कंपनीकडे होतं आणि ते गुदमरायला लागलं होतं. आपल्या मुलांचे फॉर्म भरून देताना तो पांढरा पडदा आणि गोल फिरणारं चक्र मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की पलीकडे कुणीतरी माणूस असतो हे मला कधी सुचलंच नव्हतं. आज तो माणूस माझ्या शेजारी नदीकाठच्या दगडावर बसला होता.

त्यानं लॅपटॉप मोबाइलला जोडला. रेंज दोन काड्या. पडद्यावर चित्र-बित्र काही नाही, काळ्या फळ्यावर खडूनं लिहिल्यासारखी पांढरी अक्षरं. "नुसती अक्षरंच जातात सर, म्हणून एवढ्या रेंजवर चालतं." त्यानं एक ओळ टाइप केली, एन्टर दाबलं. म्हणाला, "चार प्रोसेसर होते, आठ केले."

"बंद नाही करावं लागलं?"

"नाही ना. तीच तर गंमत आहे. लोक अर्ज भरतायत, त्यांना कळलंसुद्धा नाही."

दहा मिनिटांनी मात्र त्याचा चेहरा उतरला. का, ते पुढे सांगतो. मला त्याआधीच त्या एका ओळीनं पकडलं होतं. चालत्या गाडीचं चाक बदलत नाहीत, चालत्या गिरणीत हात घालत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग चालत्या यंत्राला आणखी चार मेंदू कसे बसवले? घरी आल्यावर त्याला फोन करकरून आणि मिळेल ते वाचून मी जे समजून घेतलं ते इथे मांडतो आहे.

ज्या यंत्राला त्यानं प्रोसेसर जोडले ते यंत्र मुळात कुठे नव्हतंच. लोखंडाचं, पंख्याचं, तारांचं एक मोठं यंत्र पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये आहे. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभी केलेली पंधरा-वीस यंत्रं राहतात. प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत, आपला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची मेमरी आहे. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मराठीत आभासी यंत्र. इंग्रजीत मोठ्या यंत्राला होस्ट आणि आतल्याला गेस्ट म्हणतात, आणि हे ऐकल्यावर मी म्हणालो, "म्हणजे मेजबान आणि मेहमान!" तो हसला. पुढचं सगळं बोलणं आम्ही याच शब्दांत केलं आणि खरं सांगतो, त्यानं गोष्ट फार सोपी झाली.

ही कल्पना चांगली जुनी आहे. १९६४ साली मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० नावाचा मोठा संगणक आला. त्या काळी पद्धत अशी, की संशोधकानं आपलं गणित भोकं पाडलेल्या कार्डांवर न्यायचं, रांगेत ठेवायचं आणि आपला नंबर लागून उत्तर छापून येईपर्यंत थांबायचं. एक यंत्र, एका वेळी एक काम. त्याच १९६४ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात आयबीएमच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या गटानं दुसराच विचार सुरू केला. एक यंत्र अनेकांना नुसतं वाटून देण्याऐवजी प्रत्येकाला अख्खं यंत्र मिळाल्याचा भास का देऊ नये? त्यांचं सीपी-४० जानेवारी १९६७ मध्ये रोजच्या वापरात आलं. एका लोखंडी यंत्रात चौदा आभासी यंत्रं. पुढे १९७२ साली आयबीएमनं हीच वस्तू व्हीएम/३७० या नावानं बाजारात आणली. या मेहमानांना मात्र सुरुवातीला प्रत्येकी एकच प्रोसेसर असायचा. दुसरा मागायची सोयच नव्हती.

चालत्या यंत्रात प्रोसेसर घालणं-काढणं हा वेगळा प्रवाह, आणि तो आधी खऱ्या लोखंडावर सुरू झाला. एमआयटीमध्ये मल्टिक्स नावाची प्रणाली होती. विजेसारखी किंवा पाण्यासारखी संगणकशक्ती चोवीस तास मिळावी, हे तिच्या कर्त्यांचं स्वप्न. नळ दुरुस्त करायचा म्हणून अख्ख्या गावाचं पाणी बंद करायचं नाही. रॉजर शेल यांनी १९७१ मध्ये एमआयटीत याच विषयावर प्रबंध लिहिला: लोक काम करत असताना प्रोसेसर आणि मेमरीचे भाग यंत्रातून कसे काढायचे आणि परत कसे घालायचे. १९७६ मध्ये टँडम कंपनीनं बँकांसाठी यंत्रं काढली, त्यांचं नावच नॉनस्टॉप. एक प्रोसेसर पडला तर दुसरा त्याचं काम उचलणार. इथे हेतू वाढ हा नव्हता, मरू नये हा होता.

आपल्याकडे पुण्यात १९८८ मध्ये सीडॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्याचे प्रमुख विजय भटकर आमच्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. परमची सगळी मदार अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपण्यावर होती. अनेक बैल एका नांगराला जुंपले तर शेत लवकर नांगरलं जातं, पण बैलांनी एका चालीनं चालायला हवं. खरी मेहनत त्या चालीवर घ्यावी लागते. चालत्या नांगराला मध्येच बैल जुंपणं हा त्याच्याही पुढचा प्रश्न.

हे दोन्ही प्रवाह एकत्र आले ते या शतकात. आयबीएमच्या पॉवर जातीच्या मोठ्या यंत्रांमध्ये २००२ च्या सुमारास चालू विभागाला प्रोसेसर देता-घेता येऊ लागले. लिनक्समध्ये ही सोय यायला थोडा वेळ लागला. २००४ मध्ये कॅनडातल्या ऑटावा इथे लिनक्सवाल्यांच्या परिषदेत पाच जणांनी मिळून यावर निबंध वाचला: झ्वाने म्वाइकाम्बो, अशोक राज, रस्टी रसेल, जोएल शॉप आणि श्रीवत्स वड्डगिरी. नावं मुद्दाम लिहिली. ही नावं वाचताना मला शाळेच्या हजेरीपटाची आठवण झाली, कुठले कुठले लोक एका बाकावर. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं, म्हणजे कुठलंही लिनक्स यंत्र मेजबान होऊ शकत होतं. २००९ मध्ये व्हीएमवेअरनं व्हीस्फिअर ४ काढलं आणि त्यात चालत्या आभासी यंत्राला प्रोसेसर व मेमरी जोडायची सोय कार्यालयातल्या साध्या माणसाच्या हातात आली. माऊसनं आकडा वाढवायचा, बस.

आता आतमध्ये नेमकं काय होतं ते. मेजबान मेहमानाच्या खांद्यावर टकटक करतो: तुझ्या घरात नवं सामान आलंय, बघून घे. ही टकटक एका ठरलेल्या विद्युत-संकेताची नक्कल असते. मेहमानाची प्रणाली आपलं चालू काम क्षणभर बाजूला ठेवते, यादी वाचते, नवा प्रोसेसर दिसतो. त्याच्यासाठी मेमरीत कोपरा ठेवते, कामांची एक रिकामी रांग बनवते आणि त्याला उठवते. उठल्यावर त्याला काहीच ठाऊक नसतं, दिवस कुठला, यंत्र कुठलं. तो आपली ओळख करून देतो, घड्याळ बाकीच्यांशी जुळवून घेतो, आणि मग वाटणी करणारा त्याच्या रांगेत कामं टाकायला लागतो. लिनक्स यात तीन शब्द वापरतं. पॉसिबल, म्हणजे येऊ शकतील असे. प्रेझेंट, म्हणजे आलेले. ऑनलाइन, म्हणजे कामाला लागलेले. पटावर असणं, वर्गात असणं आणि लक्ष देऊन असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षकाला कुणी समजावायला नको! भामरागडला त्याचे चार नवे प्रोसेसर आले होते, पण कामाला लागले नव्हते. काही ठिकाणी हे आपोआप होतं. त्याच्या यंत्रावर हातानं करावं लागत होतं: प्रत्येक प्रोसेसरच्या नावाची एक छोटी फाइल असते, तिच्यात शून्याच्या जागी एक लिहायचा. चार फायली, चार वेळा एक.

सगळ्यात जास्त गुंतवलं मला त्या पहिल्या शब्दानं, पॉसिबल. यंत्र सुरू होतानाच ठरवतं की जास्तीत जास्त किती प्रोसेसर कधीतरी येऊ शकतील, आणि तेवढ्यांची जागा तेव्हाच राखून ठेवते. आज चार असोत, पण कमाल आठ असं आधी लिहिलेलं असेल तरच पाचवा येऊ शकतो. नववा येऊच शकत नाही, त्यासाठी यंत्र बंद करूनच आकडा बदलावा लागतो. आयबीएमच्या झेड/व्हीएममध्येसुद्धा वापरकर्ता एका आज्ञेनं आपल्याला आभासी प्रोसेसर वाढवून घेऊ शकतो, पण त्याच्या नोंदीत कमाल आकडा आधी लिहिलेला असतो. आणि व्हीएमवेअरमध्ये तर गंमतच आहे. चालू असताना प्रोसेसर जोडू द्यायचे की नाही याची एक खूण करायची चौकट असते, आणि ती खूण यंत्र बंद असतानाच करता येते. म्हणजे चालत्या यंत्रात वाढ करायची परवानगी बंद यंत्राकडूनच घ्यावी लागते. आमच्याकडे लग्नात दस्तरखान अंथरताना अब्बा नेहमी दोन हात जास्त लांब अंथरायला सांगायचे. "लोग बैठने के बाद कपडा नहीं खींचते बेटा." जेवायला बसलेल्यांच्या ताटाखालून कापड ओढून लांब करता येत नाही.

दस्तरखान जास्त लांब ठेवायची किंमतही असते. येणाऱ्यांसाठी राखलेली जागा रिकामी पडून राहते. व्हीएमवेअरच्या बऱ्याच आवृत्त्यांत ती खूण केली की मेहमानाला कुठली मेमरी कुठल्या प्रोसेसरच्या जवळ आहे हे सांगणंच बंद होतं, आणि मोठी यंत्रं त्यामुळे थोडी मंदावतात. म्हणून जाणती माणसं सरसकट सगळीकडे ही खूण करत नाहीत.

घालण्यापेक्षा काढणं अवघड. नव्याला नुसतं बसवायचं असतं. जो काढायचा त्याच्या अंगावर चालू कामं असतात, गजर लावलेले असतात, बाहेरून येणाऱ्या निरोपांपैकी काही त्याच्याच पत्त्यावर येत असतात. सगळं दुसऱ्यांकडे सोपवल्याशिवाय त्याला जाऊ देता येत नाही. लिनक्समध्ये यासाठी वापरलेल्या युक्तीचं नावच स्टॉप मशीन. एक प्रोसेसर निघत असताना बाकी सगळ्यांना एका क्षणासाठी, डोळ्याची पापणी लवते त्याच्याही कितीतरी कमी वेळ, जागच्या जागी उभं करायचं. मग तो जातो आणि सगळे पुन्हा चालू लागतात. ही व्यवस्था अनेक वर्षं ठिगळं लावत चालली होती. २०१६ मध्ये जर्मनीच्या थॉमस ग्लाइक्सनर यांनी ती मुळातून नवी केली: प्रोसेसर येताना ज्या पायऱ्या चढतो, जाताना त्याच पायऱ्या उलट्या क्रमानं उतरायच्या. ऐकायला किती साधं आहे. बारा वर्षं लागली. विंडोज सर्व्हर २००८ च्या मोठ्या आवृत्तीतही चालू असताना नवा प्रोसेसर जोडता यायचा, पण नुसता काढून घ्यायची सोय नव्हती.

आता त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे येतो. आठही प्रोसेसर कामाला लागले होते, यंत्र आठ मोजत होतं. तरी अर्जांची रांग हलेना. त्यानं बघितलं तर जुने चार घामाघूम आणि नवे चार जवळजवळ रिकामे. कारण असं, की अर्ज घेणारा जो प्रोग्रॅम होता, त्यानं सुरू होताना एकदा विचारलं होतं: इथे प्रोसेसर किती? उत्तर मिळालं चार. त्यानं चार कामगार उभे केले आणि पुन्हा कधी विचारलंच नाही. यंत्राला माहीत होतं की घर मोठं झालंय. आत राहणाऱ्याला माहीत नव्हतं.

हे ऐकलं आणि मी मोठ्यानं हसलो. बायकोनं वळून पाहिलं. आम्हा शिक्षकांना हा प्रोग्रॅम चांगला ओळखीचा आहे. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. ऑक्टोबरमध्ये वीटभट्टीवरून आलेली आठ मुलं वर्गात बसलेली असतात, डबा खातात, प्रश्न विचारतात. मोजणीत ती नसतात.

त्यानं काय केलं, तर त्या प्रोग्रॅमला बंद न करता पुन्हा मोजायला लावलं. चांगल्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय असते. नवे आठ कामगार उभे राहतात आणि नवीन येणारे अर्ज घेतात. जुने चौघे हातातले अर्ज पुरे करतात आणि मगच निघून जातात. हातातला फॉर्म अर्धवट टाकून कुणी उठत नाही. पाचेक मिनिटांत रांग हलायला लागली, पण दुप्पट वेगानं नाही. "आठ केले म्हणजे दुप्पट का नाही?" मी विचारलं. याचं उत्तर जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्येच देऊन ठेवलंय. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कितीही हात वाढवले तरी तेवढाच वेळ खातो. प्रत्येक अर्जाला एक क्रमांक द्यायचा होता आणि क्रमांक देणारी खिडकी एकच होती.

त्या सकाळीच आम्ही ज्या दवाखान्यात फिरलो होतो त्याची मला आठवण झाली. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमटे यांनी हेमलकशाचा प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे नागपुरातलं शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण अर्धवट सोडून इथे आले, डॉ. मंदाकिनी भूलतज्ज्ञ. झोपडी, झाडाची सावली, कंदिलाचा उजेड, कित्येक वर्षं वीज नाही. १९७६ मध्ये आश्रमशाळा निघाली. मग इथल्याच माडिया मुलांतून कार्यकर्ते तयार झाले, मग पुढची पिढी, डॉ. दिगंत आणि डॉ. अनघा. दवाखाना कधी "वाढीसाठी बंद आहे" अशी पाटी लावून बसला नाही, बसूच शकला नसता. नवीन हात आले ते रोगी समोर असतानाच आले. पण इथेही अॅम्डाल आहेतच: मलमपट्टी करणारे दहा झाले तरी पोट उघडणारा हात बराच काळ एकच होता.

एक शेवटची गोष्ट, जी मला त्यानं परतीच्या गाडीत सांगितली. हे नवे चार प्रोसेसर आले कुठून? कुठूनच नाही. डेटा सेंटरमधल्या लोखंडात एकही चिप वाढली नव्हती. तेच प्रोसेसर, त्यातला अधिक वेळ आता या मेहमानाला मिळणार. शेजारच्या मेहमानांना गरज नसेल तर ठीक. त्यांनाही त्याच वेळी गरज पडली तर प्रत्येकाच्या ताटातलं थोडं थोडं जातं. लिनक्समध्ये हे मोजायचा एक रकाना आहे आणि त्याचं नाव ठेवलंय स्टील. चोरी. आपल्याला काम करायचं होतं पण मेजबानानं तो वेळ दुसऱ्याला दिला, असा वेळ. हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला मी मराठीच्या पेपरात पैकीच्या पैकी देईन.

आणि आता, म्हणाला, लोक हे सगळं करतातच कमी. ॲमेझॉनच्या ईसी-२ मध्ये आभासी यंत्राचा आकार बदलायचा तर साधारणपणे ते थांबवावंच लागतं. एका यंत्राला प्रोसेसर जोडत बसण्यापेक्षा शेजारी तसंच दुसरं यंत्र उभं करायचं, तिसरं करायचं आणि गर्दी ओसरली की मोडून टाकायचं. मल्टिक्सपासून इतक्या लोकांनी इतकी वर्षं ज्याच्यासाठी डोकं घातलं ते शिकून झाल्यावर जग दुसऱ्या रस्त्यानं निघालं. पण जिथे यंत्र एकच आहे, जुनं आहे आणि त्याची जुळी भावंडं करता येत नाहीत, तिथे अजून हाच उपाय. ते अर्जांचं यंत्र तसलंच होतं.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. अर्ज रात्री बारापर्यंत घ्यायचे होते. लॅपटॉप त्याच्या मांडीवर उघडाच होता, मधूनमधून तो स्टीलचा रकाना बघायचा. "आणि हे चार परत काढणार कधी?" मी विचारलं. "काढत नाही सर. घालताना काही वाटत नाही, काढताना हात थरथरतो. पुढच्या आठवड्यात मशीन तसंही बंद करायचंय, तेव्हा आकडा बदलू. कमाल सोळा करून ठेवतो या वेळी."

ताडगावच्या पुढे रेंज गेली. त्यानं लॅपटॉप मिटला आणि आलापल्ली येईपर्यंत गाडीत कुणी काही बोललं नाही. आलापल्लीला चहाच्या टपरीवर फोन एकदम चार-पाच वेळा वाजला. त्यानं वाचलं, खिशात ठेवला आणि म्हणाला, "चालतंय. सर, पोहे सांगू?"